गुटगुटीत सरडा

तो सरडा माझ्या घरात आला माझ्या लेकीमुळे आणि मरायला टेकला माझ्यामुळे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला बिचारी म्हणायला नको.

लेक एकुलती एक. सत्तावीस वर्षांची, कॉम्प्युटरवर काम करते. तिचे वडील चार वर्षांपूर्वी गेले, तेव्हापासून आम्ही दोघीच. गेल्या जूनमध्ये तिला बंगळुरूला वर्षभराचं काम मिळालं. तिथल्या घरमालकाला प्राणी चालत नव्हता, म्हणून ती आपला इग्वाना माझ्याकडे ठेवून गेली. इग्वाना म्हणजे परदेशी सरडा. हिरवागार, शेपटीसकट साडेतीन फूट, गळ्याखाली लोंबती कातडी, आणि खातो फक्त पाला. तिच्या एका मित्राला तो सांभाळणं झेपेना म्हणून हिने घेतला. सरकारदरबारी नोंद, कागद, सगळं रीतसर केलेलं. मी म्हटलं, "अगं बाई, कुत्रं पाळ, मांजर पाळ. हे काय ध्यान आणलंस?" तर म्हणते, "आई, तो भुंकत नाही, चावत नाही आणि उलट बोलत नाही. तुमचं दोघांचं छान जमेल."

अशी बोलते ती. माझ्यावरच गेलीय.

जाताना तिने एक यादी लिहून फ्रिजला चुंबकाने अडकवली. त्याला काय द्यायचं, काय द्यायचं नाही, गच्चीवर किती वेळ न्यायचं, पिंजऱ्यातला दिवा किती तास लावायचा. दोन पानं, दोन्ही बाजूंनी. मी वरवर नजर टाकली आणि माझं डोकंच फिरलं. मला आहार शिकवते! सव्वीस वर्षं मी अंगणवाड्यांची सुपरवायझर होते, आधी सुरगाण्याकडे, मग कळवण तालुक्यात. पाड्यापाड्यावर जायचं, पोरांना काट्याला टांगून वजनं करायची, दंडाला पट्टी लावायची, कार्डावर ठिपका मांडायचा. ठिपका हिरव्या पट्ट्यात असला तर ठीक, पिवळ्यात गेला तर सावध, लाल पट्ट्यात गेला की त्या पोराच्या आईला समोर बसवायचं आणि सांगायचं, अंडं दे, पालेभाजी दे, पोराला उन्हात खेळू दे. मी एसटीतून उतरले की सेविका पदर सावरून काटा पुसायला लागायच्या, असा दरारा होता माझा. आणि पालेभाजी कशी द्यायची हे मला माझी पोरगी लिहून देणार? त्या यादीवर मी गॅसवाल्याचं कॅलेंडर लावलं आणि विषय संपवला.

मग सुरू झाला माझा आहार. पालक रोज, कारण पालकात लोह असतं, हे मी हजार बायांना सांगितलेलं. एक दिवसाआड उकडलेलं अंडं. अंड्याने मी लाल पट्ट्यातली पोरं पिवळ्यात आणलेली, हा तर एवढासा जीव. दुधात कुस्करलेली चपाती. वर काकडी. सटाण्याकडची लवकरची द्राक्षं आली की शेजारीण तिच्या माहेरच्या बागेतली टोपली पाठवते, तीही आम्ही दोघांनी मिळून संपवली. द्राक्ष तो असा मिटक्या मारत खायचा की मला भरून यायचं. पालेभाजीला नाक मुरडणारी आणि गोडाला तोंड वासणारी पोरं मी काय कमी पाहिलीत?

आमचा फ्लॅट गंगापूर रोडच्या आत एका कॉलनीत, तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही. सगळ्यांसारखी आम्हीही गॅलरी काचेने पॅक करून घेतलीय, कबुतरांचा आणि थंडीचा त्रास नको म्हणून. पिंजरा तिथेच ठेवला. दहा वाजल्यापासून काचेतून भरपूर ऊन येतं, मग गच्चीवर कशाला तडमडायचं? माझे गुडघे असे. ऑगस्टमध्ये पिंजऱ्यातल्या दिव्याची खास नळी गेली. लेकीने यादीत तिचा नंबरबिंबर लिहिलेला असणार, पण यादी कॅलेंडरमागे. मी कोपऱ्यावरच्या दुकानातून साधा पांढरा दिवा आणून लावला. उजेड तो उजेड.

दिवाळीपर्यंत त्याच्या मांड्या कशा भरल्या! मागचे दोन्ही पाय टम्म. पौर्णिमेला विहारातून येताना कॉलनीतल्या बाया माझ्याकडे चहाला टेकतात. एकजण म्हणाली, "काय गुटगुटीत केलायत हो ताई!" मी वरून म्हटलं, कसलं काय, पण आतून फुलले. लेकीच्या व्हिडिओ कॉलवरही त्याला मुद्दाम मांडीच्या बाजूने दाखवायचे.

ती एकदा म्हणाली, "आई, त्याचे पाय एवढे जाड का दिसतायत?"

"माझ्या हातचं खातो. तुझ्यासारखं डब्यातलं मागवून नाही."

"फांदीवर चढतो ना?"

"चढतो की."

चढत नव्हता. पंधरा दिवसांपासून खालीच पसरलेला असायचा. मला वाटलं, थंडी पडलीय, आळसावला असेल. आणि मी 'चढतो' म्हणून सांगितलं.

जानेवारीतल्या एका सकाळी पडदा सारला तर तो पिंजऱ्याच्या तळाला आडवा, आणि पायांची बोटं थरथरतायत. उचलून घेतला तर अंग ढिलं. द्राक्ष पुढे धरलं. त्याने तोंड उघडलं, चावायला गेला, आणि खालचा जबडा रबरासारखा वाकला. द्राक्ष खाली पडलं. तो माझ्याकडे बघत राहिला.

त्याला टॉवेलात गुंडाळलं, बाजाराच्या पिशवीत ठेवलं आणि रिक्षा केली. पोपट, कासवं, असले प्राणी बघणारी एक डॉक्टर देवळाली कॅम्पकडे बसते असं यादीत लिहिलेलं होतं. हो, त्या दिवशी कॅलेंडर काढलं मी. दवाखान्यात फौजी घरातली दोन थोराड कुत्री बाकाखाली बसली होती. माझ्या पिशवीतून शेपटी बाहेर आलेली बघून ती मागेच सरकली. मला हसू यायला हवं होतं, आलं नाही.

डॉक्टरीण माझ्या लेकीच्याच वयाची. तिने त्याचा जबडा दोन बोटांनी हलकेच दाबला, मांड्या चाचपल्या. एक्स-रे काढला आणि उजेडावर धरला.

"हाडं दिसतायत का तुम्हाला?"

"नीट नाही दिसत."

"मलाही नाही. कारण त्यांच्यात कॅल्शियम उरलेलंच नाही. अन्नातून मिळालं नाही की शरीर स्वतःच्या हाडांतून काढून घेतं. हाड पोकळ होतं, मग त्याला सावरायला भोवती नुसता भरणा वाढतो. हे पाय भरलेले नाहीत, ताई. आजाराने जाड झालेत." मग मला समजावं म्हणून ती म्हणाली, "लहान मुलांना मुडदूस होतो ना, तसंच समजा."

मुडदूस! मला समजावून सांगत होती मुडदूस म्हणजे काय ते!

सुरगाण्याकडच्या एका पाड्यावरची बाई मला तिथेच आठवली. तान्हं पोर कडेवर घेऊन हसत हसत आली होती. "मॅडम, माझा पोर्‍या बघा कसा गुटगुटीत!" मी त्या पोराचं पाऊल हातात घेतलं, अंगठा दाबून सोडला. खड्डा तसाच राहिला. सूज होती ती, उपासमारीची. आणि मी सगळ्यांसमोर तिच्यावर ओरडले होते, "डोळे आहेत का बटणं? एवढं कळत नाही?" ती खाली मान घालून उभी राहिली. पोर वाचलं, पण त्या बाईची खाली घातलेली मान मी सोयीने विसरले होते. आता डॉक्टरणीसमोर मी तशीच बसले होते. फरक एवढाच, की तिला खरंच कुणी काही सांगितलेलं नव्हतं.

"काय खायला घालत होता?"

मी सांगायला लागले. एकेक पदार्थ सांगताना माझा आवाज बारीक होत गेला, आणि ती एकेकाचं काय चुकलं ते सांगत गेली. पालकातलं आम्ल कॅल्शियम धरून ठेवतं, ते अंगाला लागूच देत नाही. अंडं ह्या पालेखाऊ जिवाला पचवता येत नाही, त्याच्या मूत्रपिंडांवर ताण येतो. चपाती आणि द्राक्षं म्हणजे नुसतं पोट भरणं. काच ऊन आत घेते, पण हाडं घट्ट करणारा उन्हाचा भाग बाहेरच अडवते. आणि दिवा, तो तर नुसता उजेडच होता.

"हे कुणी सांगितलं नव्हतं का तुम्हाला?"

"सांगितलं होतं. लिहून दिलं होतं."

"मग?"

मी रिकाम्या पिशवीची घडी घालायला लागले. ती चांगली होती, पुन्हा विचारलं नाही. कॅल्शियमचं औषध दिलं, रोज दोन वेळा तोंडात थेंब थेंब. उंच फांद्या काढून टाका म्हणाली, पडला तर हाड मोडेल. "दोन महिने नेटाने करा. जबडा घट्ट झाला तर समजा जगला. नाहीच झाला तर..."

पुढचे चार दिवस मी लेकीशी खोटं बोलले. झोपलाय, सर्दी झालीय मला, नंतर करते व्हिडिओ. नोकरीत मला सगळ्यात चीड कशाची होती माहितीये? घरात बसून वजनं लिहिणाऱ्या सेविकांची. पोर काट्याला लागलेलं नसायचं आणि रजिस्टर मात्र हिरवंगार. अशी रजिस्टरं मी टेबलावर आपटलीत. आणि आता मीच तसलं रजिस्टर लिहीत होते. पाचव्या दिवशी फोन केला आणि सगळं सांगितलं. पालक, अंडं, दिवा, 'चढतो' म्हटलेलं, सगळं.

ती म्हणाली, "यादीवर कॅलेंडर लावलं होतंस. मला व्हिडिओत दिसायचं."

"मग बोलली का नाहीस?"

"बोलून तू कधी कुणाचं ऐकलंयस? मला वाटलं, निदान खाण्याच्या बाबतीत तरी तुझी चूक होणार नाही." तिचा आवाज फाटला. "जगाच्या पोरांची वजनं केलीस, आई. माझं कधी केलंस?"

आणि फोन बंद.

रडले का? हो, रडले. मग तोंड धुतलं, चष्मा लावला आणि ती यादी पहिल्यापासून वाचायला बसले. पहिलीच ओळ होती, 'आई, तुला सगळं येतं, पण हा माणूस नाही.' सात महिने ती ओळ कॅलेंडरमागे होती.

दुसऱ्या दिवसापासून मी कामाला लागले. कॉलनीच्या मागच्या भिंतीला शेवगा आहे, त्याचा कोवळा पाला. विहाराच्या आवारातली जास्वंद, पानं आणि फुलं दोन्ही. तुतीची पानं, लाल भोपळ्याचा कीस. आणि लसूणघास. गाई-म्हशींना घालतात तो हिरवा घास, यादीत तो सगळ्यात वर होता. आमच्या कोपऱ्यावर देवळापाशी एक म्हातारी आपली गाय बांधून बसते, लोक तिच्याकडून पेंढी विकत घेऊन तिच्याच गाईला घालतात आणि पुण्य कमावतात. मी पेंढी घेऊन पिशवीत टाकायचे आणि चालू लागायचे. चार दिवस तिने सहन केलं. पाचव्या दिवशी पदर धरला.

"ओ ताई, गाय हितं हाय. घास घरी कुठं न्येता?"

"घरी खाणारं आहे एक."

"गाय हाय का?"

"सरडा आहे."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "सरड्याला घास? लय ऐकलं, पर ह्ये नाय ऐकलं!" मग मी तिथेच दगडावर बसून तिला सगळं सांगितलं, त्याची हाडं, माझी चूक, सगळं. का सांगितलं कुणास ठाऊक. कुणाला तरी सांगायचं होतं. ती म्हणाली, "म्हंजी तुमी त्याला लाडानं आजारी पाडलं." दुसऱ्या दिवसापासून ती कोवळा शेंडा वेगळा काढून ठेवायला लागली. "ह्यो तुमच्या लेकराचा."

रोज सकाळी साडेआठला मी त्याला जाळीच्या पिंजऱ्यात घालून गच्चीवर न्यायचे. एकच जिना, पण माझ्या गुडघ्यांना तो ब्रह्मगिरीचा डोंगर. अर्ध्या पिंजऱ्यावर ओली चादर टाकायची, म्हणजे तापला तर सावलीत सरकेल. शेजारी मी खुर्ची टाकून बसायचे. खालच्या मजल्यावरची एकजण कपडे वाळत घालता घालता म्हणाली, "ताई, पोरीची एवढी सेवा केली असतीत तर!" ती गमतीने बोलली. मला लागलं.

आणि मी त्याचं कार्ड केलं. जुन्या फायलीचा पुठ्ठा घेतला, रेघा मारल्या, रंगीत खडूने हिरवा, पिवळा आणि लाल पट्टा काढला. डॉक्टरणीला विचारून पट्टे ठरवले. सामान मोजायचा टांगता काटा दाराच्या कडीला अडकवला, ओढणीची झोळी केली आणि त्याला तीत घातला. सुरगाण्याकडची पोरं काट्याला लावली की भोकाड पसरायची. हा डोळे मिटून लोंबत राहिला. नऊशे ऐंशी ग्रॅम. ठिपका लाल पट्ट्याच्या काठावर.

दुसऱ्या रविवारी नऊशे चाळीस.

खरं सांगू? पेन हातात होतं आणि वाटलं, नऊशे ऐंशीच लिहावं, कोण बघतंय? पण नऊशे चाळीसच लिहिलं. फोटो काढून लेकीला पाठवला, सोबत एक शब्दही नाही. फोटोखाली दोन निळ्या खुणा आल्या. उत्तर नाही. तिसऱ्या रविवारी नऊशे पंचवीस. ठिपका लाल पट्ट्यात खोल. तोही पाठवला.

तासाभराने उत्तर आलं, 'पाला धुतेस ना?'

माझा जीव भांड्यात पडला. मी लिहिलं, 'दोनदा.' तिकडून आलं, 'शेवग्याच्या काड्या काढ, घशात अडकतील.' एवढंच. पण त्या दिवशी मी जेवले व्यवस्थित.

फेब्रुवारीच्या शेवटी त्याने खाणं सोडलं. एक दिवस, दोन दिवस. पाला समोर वाळून जायचा. औषध तोंडात टाकलं तर बाजूने ओघळायचं. पोट कडक लागत होतं. मी त्याच्याजवळ बसून बोलायला लागले, वेडी म्हणा हवं तर. "बाबा रे, माझं चुकलं. पण आता असा जाऊ नकोस. ती यायची आहे. तिला काय दाखवू मी, रिकामा पिंजरा?" डॉक्टरणीला फोन केला. ती म्हणाली, पोट साफ झालेलं नाही, कोमट पाण्यात बसवा, अर्धा अर्धा तास, पाणी पोटापर्यंतच. न्हाणीघरात टब घेतला, कोपर बुडवून पाणी बघितलं आणि त्याला हातावर तोलून बसले. पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी टबातलं पाणी एकदम गढूळ झालं आणि मी "झाली! झाली!" करत ओल्या हातांनी बाहेर धावले. दारात शेजारीण उभी. "काय झाली हो ताई?" काय सांगणार, कपाळ माझं! संध्याकाळी त्याने जास्वंदीचं फूल खाल्लं. अख्खं.

त्यानंतरचा रविवार नऊशे पन्नासचा. पुढचा नऊशे नव्वदचा. बोटांची थरथर थांबली. मी काहीच बोलायचे नाही, दृष्ट लागेल म्हणून. आयुष्यभर बायांना दृष्टबिष्ट काही नसते म्हणून दटावलेली मी!

मार्चच्या मध्यावर एकदा त्याला शेवग्याचा पाला हाताने भरवत होते. लेकीशी व्हिडिओ चालू होता, आता ती रविवारी स्वतःहून करायची, बोलायची मात्र त्याच्याशी. माझं लक्ष स्क्रीनकडे, आणि एकदम बोटातून कळ गेली. त्याने माझं बोट पकडलं होतं. पाल्यासकट. करकचून. सोडवेना.

"चावला!" मी ओरडले. "अगं, चावला मला!"

"आई, रक्त येतंय!"

"येऊ दे! अगं जबडा बघ, जबडा! कसा धरलाय बघ!"

ती स्क्रीनमध्ये आधी हसली, मग दोन्ही हातांनी तोंड झाकून रडायला लागली. मीही. सरडा तेवढा शांत होता, बोट सोडायच्या विचारात दिसत नव्हता. दवाखान्यात माझ्या बोटाची पट्टी बघून डॉक्टरीण म्हणाली, "अभिनंदन."

एप्रिलमध्ये लेक दहा दिवसांसाठी आली. पिशवी दारात टाकली, चपला न काढता गॅलरीत गेली. काचा मी सरकवून उघड्या ठेवल्या होत्या, जाळी बसवून घेतली होती, नवी नळीही लावली होती. पेरूची एक आडवी फांदी पुन्हा आत घातली होती, जमिनीपासून हातभर. तो खाली बसला होता. त्याचा जबडा जरा वाकडाच राहिलाय, पाठीलाही थोडा बाक आहे, तो जाणार नाही असं डॉक्टरणीने सांगितलंय. लेक उकिडवी बसली. त्याने मान तिरकी करून तिच्याकडे एका डोळ्याने पाहिलं. मग उजवा पाय उचलून फांदीवर ठेवला, मग डावा, थांबला, पुन्हा ओढ घेतली आणि वर गेला. हातभरच. पण स्वतःच्या पायांवर गेला.

"चढतो," मी म्हटलं. "खरंच चढतो."

तिने माझा हात धरला. सोडला नाही बराच वेळ.

चहा झाल्यावर ती फ्रिजवरचं त्याचं कार्ड वाचत उभी राहिली. एकेका ठिपक्यावर बोट ठेवून. नऊशे पंचवीसवर बोट थांबलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "माझं होतं का गं असं कार्ड?"

हा प्रश्न कधीतरी येणार हे मला माहीत होतं. कपाटातून तिच्या जन्मदाखल्याची पिशवी काढली. कार्ड होतं. गुलाबी, घडीवर फाटलेलं. तिने उघडलं. सात ठिपके, सगळे हिरव्यात, माझ्या तेव्हाच्या टापटीप अक्षरात तारखा. आठव्या महिन्यापासून पुढे पाच वर्षांपर्यंत सगळे चौकोन कोरे.

"पुढे?"

"पुढे मला नोकरी लागली. सुरगाण्याला. तुला आजीकडे ठेवलं आणि शनिवारी शनिवारी यायचे. मला वाटायचं, माझी पोरगी हिरव्यातच असणार, तिला काय धाड भरलीय? म्हणून कधी काट्याला लावलंच नाही." कार्डाची फाटलेली घडी मी बोटाने दाबून धरली. "चुकलं माझं. त्याच्या बाबतीत चुकलं, तसंच तुझ्याही."

ती कार्डाकडे बघत राहिली. तेव्हा मला पहिल्यांदा नीट दिसलं, तिची गळ्याखालची हाडं वर आली होती. डोळ्यांखाली काळं. दारातून आत आल्यापासून मी तिला पाहिलंच नव्हतं, ती सरड्याला कशी बघते तेच बघत होते.

ती उठली, आतल्या खोलीतून पायाखालचा वजनकाटा घेऊन आली, फरशीवर ठेवला आणि वर उभी राहिली.

"वाच."

चष्मा पुसून वाकले. "सेहेचाळीस."

"ओरडू नकोस."

"ओरडत नाहीये."

"लिही मग."

कार्डावर जागा पाच वर्षांपर्यंतचीच. शेवटच्या चौकोनाच्या बाहेर, कडेच्या पांढऱ्या जागेत मी लिहिलं, सत्तावीस वर्षं, सेहेचाळीस किलो. ठिपका कुठल्या पट्ट्यात ते मी सांगितलं नाही. तिने विचारलंही नाही.

"आता यादी कर," ती म्हणाली. "काय खायचं, काय नाही. बंगळुरूला फ्रिजवर लावते."

"वाचशील?"

"वर कॅलेंडर नाही लावणार."

मी दोन पानं घेतली, दोन्ही बाजूंनी लिहायची म्हणून. पहिली ओळ काय लिहावी ते बराच वेळ सुचेना. ती माझ्या खांद्यावरून डोकावून बघत होती. मग लिहिलं, 'रोज एक अंडं. तुला चालतं.'